त्यांना वाढतं कोण?

२०२५च्या सप्टेंबरातली गोष्ट. आई चहा घेऊन पेपर वाचत बसली होती. आमच्या घरी पेपर आधी आईच्या हातात जातो. तिचं वाचून झालं, की मग उरलेल्यांनी वाचायचा. आता त्र्याऐंशी वर्षांची आहे, पण पहिल्या पानापासून ते छोट्या जाहिरातींपर्यंत काही सोडत नाही. आणि वाचलेलं मोठ्याने सांगायची सवय.

"अगं, ऐकलंस का? जपानमध्ये म्हणे शंभरी ओलांडलेली ९९,७६३ माणसं आहेत. आणि त्यातल्या शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी बायका!"

मी डब्यांच्या गडबडीत होते. "मासे खातात ना ते. शिवाय ग्रीन टी," असं काहीतरी मी पोळी उलटता उलटता बोलून गेले.

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ते असेल गं. पण त्या बायकांना जेवायला वाढतं कोण?"

तेव्हा मी हसले. डबे भरले, दिवस सुरू झाला. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही, आणि मग पुढचे दोन-तीन रविवार मी आकड्यांत डोकं घालून बसले. (आमच्या घरात याला "हिला पुन्हा लहर आली" असं म्हणतात.) त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

आशिया हा म्हणायला एकच खंड. पण जपानमधल्या बाईचं सरासरी आयुर्मान ८७ वर्षं आणि अफगाणिस्तानातल्या बाईचं, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे, साधारण ६७-६८. एका खंडाच्या दोन टोकांना जन्मलेल्या दोन मुलींमध्ये जवळजवळ वीस वर्षांचं अंतर. मधल्या पायऱ्याही बघण्यासारख्या आहेत. श्रीलंका ऐंशीच्या आसपास. बांगलादेश पंच्याहत्तरच्या आसपास. आपण त्याच्या थोडे खाली, ७३ च्या जवळ. पाकिस्तान सत्तरीच्या उंबऱ्यावर. 

बांगलादेश आपल्या पुढे आहे हे वाचून मी एकदा थांबले, खरं सांगते. आपण त्या देशाकडे कसं बघतो ते आपल्याला माहीत आहे.

आता हे आयुर्मान म्हणजे नेमकं काय, ते आधी बोलून घेऊ. कारण यात फार गोंधळ होतो. "पूर्वी लोक चाळिशीत म्हातारे होऊन मरायचे" असं सर्रास म्हटलं जातं. तसं नव्हतं. माझी पणजी नव्वदीला टेकून गेली. हा आकडा म्हणजे एक हिशोब असतो : आज जन्मलेल्या मुलीला प्रत्येक वयात आज जे मृत्युदर आहेत तेच आयुष्यभर भेटत गेले, तर अशा मुली सरासरीने किती वर्षं जगतील. एक बाळ जन्मतःच गेलं आणि दुसरं ऐंशी वर्षं जगलं, तर सरासरी चाळीस. चाळिसाव्या वर्षी त्यातलं कुणीच मेलेलं नसतं! त्यामुळे हा आकडा म्हाताऱ्यांपेक्षा बाळांबद्दल, लहान मुलांबद्दल आणि बाळंतिणींबद्दल जास्त बोलतो. निदान गरीब देशांत तरी.

दुसरी गोष्ट. बाई पुरुषापेक्षा जास्त जगते, हा जवळपास सगळ्या जगाचा अनुभव. स्वीडनमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून नोंदी आहेत, त्यातही हेच दिसतं. मुलगी जात्याच चिवट. नवजात बाळांच्या खोलीत काम केलेल्या कुठल्याही नर्सला विचारा, ती सांगेल. पुढे मोठेपणी पुरुष विड्या-सिगारेटी ओढतात, पितात, गाड्या बेफाम चालवतात, त्याने फरक आणखी वाढतो. जपानमध्ये आज हा फरक सहा वर्षांचा आहे.

आता आपल्याकडचे जुने आकडे बघा. १९५१ ते ६१ या दशकात भारतातल्या पुरुषांचं आयुर्मान ४१.९ आणि बायकांचं ४०.६. १९७०-७५ मध्ये पुरुष ५०.५, बायका ४९. म्हणजे मी जन्मले तेव्हाही या देशात बाई पुरुषापेक्षा कमी जगत होती. १९८१-८५ मध्ये पहिल्यांदा पारडं किंचित फिरलं : ५५.४ आणि ५५.७. बांगलादेशातही १९८०च्या सुमाराला बायकाच मागे होत्या, आणि नेपाळमध्ये १९९०च्या आसपासही.

दीड वर्षाचा तर फरक, त्यात काय एवढं, असं वाटेल. मलाही आधी वाटलं. पण जिथे निसर्ग तीन-चार वर्षं जास्त देतो, तिथे दीड वर्ष कमी भरतंय. म्हणजे तूट दीड वर्षाची नाही, पाचेक वर्षांची आहे. आणि ही वर्षं कुठे हवेत विरत नाहीत. ती कुणीतरी, कुठेतरी, बहुतेक वेळा घरातच, काढून घेतलेली असतात.

इथे मला आजीबद्दल सांगावं लागेल.

आईच्या आईला आई "वहिनी" म्हणायची. एकत्र कुटुंब होतं, धाकटे दीर वहिनी म्हणायचे, म्हणून पोरंही वहिनीच म्हणायला लागली. रत्नागिरी जिल्ह्यातलं आडगाव, बेताची भातशेती, चार आंब्याची झाडं. वहिनीची बाळंतपणं नऊ, त्यातली जगली पाच. दहाव्या खेपेला १९५५च्या श्रावणात ती गेली. बाळही गेलं. वय एक्केचाळीस. म्हणजे त्या दशकाच्या सरासरीला अगदी चिकटून. मघाशी मी म्हटलं की सरासरीच्या वयाला कुणी मरत नसतं, तर ही एक बाई नेमकी त्याच वयाला गेलेली.

आई तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला सगळं आठवतं. अंगणात गुडघाभर पाणी, साकव पाण्याखाली, सुईण ओलीचिंब होऊन आलेली, आणि माजघरातून बाहेर येणाऱ्या धुण्याच्या बादल्या. "साकव बुडला होता, कुठे नेणार?" असं घरातले सगळे पुढे वर्षानुवर्षं म्हणत राहिले. ते खोटं नव्हतं. पण आई एकदाच, फार वर्षांपूर्वी, मला म्हणाली होती, "वहिनीचे पाय वैशाखातच सुजले होते. चेहरा पांढराफटक पडलेला. वैशाखात साकव कोरडा होता."

त्याच्या आदल्या वर्षी आजोबांचं अंतर्गळाचं दुखणं बळावलं, तेव्हा त्यांना एसटीने मिरजेला नेऊन ऑपरेशन केलं होतं. पैसे उभे राहिले ते वहिनीच्या पाटल्या मोडून. आजोबा पुढे ऐंशीच्या पुढे जगले.

आजोबा वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगते. मला त्यांच्या मांडीवर बसून आंबे खाल्लेले आठवतात. वहिनी गेल्यावर त्यांनी दुसरं लग्नही केलं नाही. तिला मारून टाकावं असं त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. फक्त पंगत ठरलेली होती. आधी पुरुष, मग मुलं, मग थोरल्या बायका, आणि सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याला लागलेलं असेल ते वहिनीचं. तूप पहिल्या पंगतीतच संपायचं. औषधाचीही तीच पंगत. डॉक्टर पहिल्या पंगतीला, काढा शेवटच्या.

(आणि गंमत बघा, आपल्याकडे डोहाळजेवण आहे! हिरवी साडी, फुलांची वाडी, पाच पक्वान्नं, सगळ्या बायका कौतुकाने तिला भरवतात. एक दिवस. उरलेले दोनशे सत्तर दिवस त्या बाईने काय खाल्लं, ते मात्र कुणी विचारत नाही.)

आता हे एका घरचं रडगाणं झालं म्हणाल. पण बांगलादेशात मतलब नावाचा भाग आहे, तिथे ढाक्याच्या कॉलरा संशोधन संस्थेने गावंच्या गावं वर्षानुवर्षं नोंदीखाली ठेवली. १९८१ साली तिथला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुलाब मुलांना आणि मुलींना साधारण सारख्याच प्रमाणात होत होते. उपचार फुकट होते. पण दवाखान्यात आणलेल्या पोरांत मुलगे कितीतरी जास्त. घरात मोजलेल्या ताटांतही मुलींच्या वाट्याला कमी, आणि कुपोषित मुली मुलग्यांपेक्षा जास्त. जंतूने भेदभाव केला नव्हता.

म्हणजे आईचा प्रश्न मुळीच बाळबोध नव्हता. वाढतं कोण, आणि कुणाला कितव्या पंगतीला, यावर आयुर्मान ठरतं.

पण मग श्रीलंकेत काय झालं? तेही आपल्यासारखेच भात खाणारे, एकत्र कुटुंबातले, गरीब. तिथेही १९४६ साली बायकांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा कमी होतं, आणि १९६०च्या दशकात ते उलटं झालं. आपल्या आधी जवळजवळ वीस वर्षं. १९३०च्या दशकात तिथे लाख बाळंतपणांमागे दोन हजारांवर बायका दगावत होत्या. १९४७ पर्यंत ते प्रमाण निम्म्यावर आलं, १९५० पर्यंत पुन्हा निम्मं, पाचशेच्या खाली. देश काही त्या काळात श्रीमंत झाला नव्हता.

मी थोडंफार वाचलं त्यावरून तीन गोष्टी दिसतात. १९३१ मध्ये तिथे सगळ्या प्रौढांना, बायकांसकट, मतदानाचा हक्क मिळाला. इंग्रजांच्याच राज्यात, आपल्या वीस वर्षं आधी. मत मागायला येणाऱ्याला गावात दवाखाना का नाही, हे बायकाही विचारू लागल्या. १९४५ मध्ये कन्नंगरांनी शिक्षण फुकट केलं, आणि मुली मोठ्या संख्येने शाळेत गेल्या. आणि तिसरी गोष्ट म्हणजे सुईण. १९२६ साली कळुतारा इथे पहिलं आरोग्य केंद्र निघालं, तिथून सरकारी शिकलेल्या सुइणींचं जाळं विणलं गेलं. प्रत्येकीला ठराविक वस्ती, घरोघर जायचं, गरोदर बायकांची यादी ठेवायची, अडलेली बाळंतीण वेळेत दवाखान्यात पाठवायची. त्याच काळात डीडीटीने मलेरिया हटला, त्याचाही मोठा हातभार होता. मलेरियाने रक्त आटलेली बाई बाळंतपणात टिकत नाही.

२०१९च्या जानेवारीत आम्ही कँडीला गेलो होतो. ज्यांच्या घरी उतरलो त्या सत्तरीच्या बाई चांगलं इंग्रजी बोलायच्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की त्यांच्या गावात "पवुल सौख्य सेविका" सायकलवरून यायची. पवुल म्हणजे कुटुंब. आणि सिंहलीत "सौख्य" म्हणजे आरोग्य! मला तो शब्द इतका आवडला. आपल्याकडे सौख्य म्हणजे संसारसुख, ते लग्नपत्रिकेत असतं. त्यांच्याकडे ते सायकलवरून दारात येतं आणि पोट तपासून जातं. त्या बाईंच्या आईची सात बाळंतपणं झाली. एकदा बाळ आडवं होतं, ते सेविकेने महिनाभर आधी ओळखलं आणि त्यांना दवाखान्यात पाठवलं. "तिच्याशी माझी आजी फार भांडली," बाई हसत सांगत होत्या, "पण ती सरकारी होती ना, ऐकावंच लागलं."

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. घरातल्या पंगतीत जिला शेवटचं पान, तिच्या बाजूने बोलायला बाहेरून कुणीतरी दारात आलं. तीही एक बाईच. वहिनीच्या दारात वैशाखात अशी कुणी आली असती तर? असो.

बांगलादेशाची गोष्ट याच धाग्याची आहे, फक्त उशिरा सुरू झालेली. १९६८ साली ढाक्यातच मीठ-साखरेच्या पाण्याचा कॉलऱ्यावर प्रयोग झाला. १९७१ मध्ये निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनोबिस यांनी तेच पाणी पिंपांनी वापरून हजारो जीव वाचवले. पण पाणी शोधणं वेगळं आणि ते प्रत्येक घरात पोचवणं वेगळं. १९८० ते ९० या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या बायका एक कोटीहून अधिक घरांत गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. प्रत्येक आईकडून समोर करून घ्यायचं. आणि पगाराची पद्धत तर फारच हुशारीची : नंतर दुसरं कुणीतरी जाऊन बघायचं, त्या आईला किती आठवतंय. जितकं आईला आठवेल, तितके शिकवणारीला पैसे! आपल्याकडच्या शिक्षणखात्याने यावर विचार करायला हरकत नाही.

यातली खरी करामत अशी, की मुलीला दवाखान्यात न्यायचं की नाही हा प्रश्नच शिल्लक राहिला नाही. औषध चुलीपाशी आलं. त्यासाठी कुणाची परवानगी नको, पाटल्या मोडायला नकोत. मग घरोघर कुटुंबनियोजनाच्या सेविका गेल्या, बाईमागे सहा-सात मुलांवरून दोन-अडीचवर आकडा आला, आणि दहावी खेप हा प्रकारच बहुतेकींच्या आयुष्यातून गेला. जी बाई दहा वेळा मृत्यूच्या दारातून आत-बाहेर करते, तिच्यापेक्षा दोनदा करणारी जास्त जगणार हे उघड आहे.

आता जपानकडे येते, कारण सुरुवात तिथून झाली होती आणि माझ्या ग्रीन टीबद्दल मला थोडी लाज वाटते आहे. १९४७ मध्ये जपानी बाईचं आयुर्मान ५४ वर्षं होतं. मासे तेव्हाही होते, चहाही होता. क्षयाने तरुण माणसं जात होती, पुढे पक्षाघात हा अनेक वर्षं पहिल्या क्रमांकाचा मारेकरी होता, कारण जेवणात खारवलेले पदार्थ आणि मीठ प्रचंड. म्हणजे ज्या जपानी आहाराचे आपण गोडवे गातो, तो आहार बदलल्यावर ते लोक जास्त जगायला लागले! मीठ कमी केलं, रक्तदाब तपासून औषधं दिली, १९६१ पासून सगळ्यांना आरोग्य विम्यात आणलं.

आणि एक छोटी गोष्ट सापडली, ती मी मुद्दाम आईला सांगितली. १९४२ मध्ये, ऐन युद्धात, जपानमध्ये गरोदर बायकांना एक पुस्तिका द्यायला सुरुवात झाली. तपासणीच्या नोंदी त्यात करायच्या. पण ती दाखवली की रेशनवर जादा मिळायचं. त्यामागे सरकारचा हेतू काही बायकांचं भलं एवढाच नव्हता, त्यांना सैन्यासाठी माणसं हवी होती, हे उघड आहे. पण बाईच्या नावाचा वेगळा कागद आणि त्यावर तिच्या नावाचं वेगळं धान्य! १९४८ पासून ती आई आणि मूल दोघांची पुस्तिका झाली, आणि आजही चालू आहे.

"म्हणजे तिथे सरकार वाढत होतं," आई म्हणाली.

(शंभरीच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा का, असा प्रश्न माझ्या नवऱ्याने काढला. बरोबर आहे. २०१०मध्ये जपानच्या जुन्या कुटुंब-नोंदवह्यांत शंभरीपुढची दोन लाखांहून अधिक माणसं सापडली, ज्यांचा ठावठिकाणाच नव्हता. कधीच गेलेली, फक्त नोंद कुणी खोडली नव्हती. पण आयुर्मानाचा हिशोब त्या वह्यांवरून करत नाहीत, त्यामुळे ८७ ला काही धक्का लागत नाही.)

पण या आकड्याला एक मोठं भोक आहे आणि त्याबद्दल बोललं नाही तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. आयुर्मान मोजायला सुरुवात होते जन्मापासून. जी जन्मलीच नाही, ती या हिशोबात कुठेच नाही.

अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये लिहिलं होतं की जगातून दहा कोटींहून अधिक बायका हरवल्या आहेत, त्यातल्या बहुतेक आशियातल्या. त्यानंतर सोनोग्राफी गावोगाव पोचली. १९८०नंतर आपल्याकडे बायकांचं आयुर्मान वाढत गेलं, तो आलेख बघून टाळ्या वाजवाव्यात असा आहे, आणि त्याच काळात महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. एका आलेखात मुलगी जास्त जगते आहे, दुसऱ्यात ती येतच नाही आहे. दोन्ही खरे. पूर्वी जे काम पंगत हळूहळू करायची, ते आता अर्ध्या तासात होऊ लागलं. दक्षिण कोरियात १९९०च्या सुमाराला अशीच स्थिती होती, शंभर मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते. आज तिथला आकडा निसर्गाच्या १०५वर परत आलेला आहे. म्हणजे हेही फिरवता येतं. पण नुसतं आयुर्मान पाहून खूश होणाऱ्याने हा दुसरा कागद शेजारी ठेवावा.

शेवटी अफगाणिस्तान. खरं तर हे सगळं लिहायला बसले ते त्याच्यामुळेच.

२००२च्या सुमाराला तिथे लाख बाळंतपणांमागे सोळाशे बायका मरत होत्या. श्रीलंकेचं १९३०चं दशक, एकविसाव्या शतकात. मग सुईण-शाळा सुरू झाल्या. गावाने आपल्यातलीच मुलगी निवडायची, तिने दीड-दोन वर्षं शिकायचं आणि परत गावात येऊन काम करायचं. काही शे सुइणींच्या काही हजार झाल्या. २०२०पर्यंत तो सोळाशेचा आकडा सुमारे सहाशेवर आला होता, असा अंदाज आहे. सहाशेही भयंकरच. पण उतरणीला लागलेला.

ऑगस्ट २०२१मध्ये तालिबान परत आले. मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या. डिसेंबर २०२२मध्ये विद्यापीठं बंद. आणि डिसेंबर २०२४मध्ये नर्सिंगचे आणि सुईणपणाचे वर्गही मुलींना बंद. एकीकडे बाईने परक्या पुरुषाकडून तपासून घ्यायचं नाही, दुसरीकडे बाईने तपासायला शिकायचं नाही. या दोन वाक्यांची बेरीज काय होते, ते सांगायला गणित लागत नाही.

ही बेरीज आपल्याकडेही कुणीतरी करून ठेवलेली आहे. फेब्रुवारी १८८३ मध्ये, अमेरिकेला निघण्यापूर्वी, आनंदीबाई जोशी श्रीरामपूरला (बंगालमधल्या) सभेत उभ्या राहिल्या आणि आपण डॉक्टर व्हायला का जातो आहोत ते त्यांनी सांगितलं. इथल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत, म्हणून बायकांमध्येच डॉक्टर हव्यात. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. हे बोलल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका मराठी मुलीने जे दार उघडायची खटपट केली, तेच दार आपल्याच खंडात आज बाहेरून कडी घालून बंद केलं गेलं आहे.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? आकड्यात हे लगेच दिसणार नाही. २०१०मध्ये शिकलेल्या सुइणी अजून आहेत, त्या काम करतील. काही वर्षं कागदावर सगळं बरं दिसेल, कदाचित आयुर्मान थोडं वाढलेलंही दिसेल. "बघा, काही बिघडलं नाही," असं म्हणायला लोक मोकळे. मग एकेक सुईण म्हातारी होईल, देश सोडेल, मरेल, आणि तिच्या जागी यायला कुणी नसेल. ज्या मुलीला आज वर्गातून घरी पाठवलं, तिच्या नसण्याने मरणारी बाई कदाचित आज दहा वर्षांची असेल.

म्हणून "अमक्या देशात बायका कमी जगतात, त्यांची संस्कृतीच तशी" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. श्रीलंकेची, बांगलादेशाची संस्कृती काही तीस वर्षांत बदलली नव्हती. आजी सुइणीशी भांडतच होती. निर्णय बदलले होते. आणि आपल्याबद्दल म्हणायचं तर २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याच वयाच्या पुरुषांत पंचवीस. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक बायका. केरळ अठ्ठ्याहत्तरवर पोचलं आहे, तेही याच देशाच्या कायद्यात आणि याच देशाच्या पैशात. तूप अजूनही पहिल्या पंगतीतच संपतं आहे.

आईला हे सगळं परवा वाचून दाखवलं. वहिनीबद्दलचा भाग ठेवू का, असं विचारायचं होतं. तिने डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, "ठेव. पण पाटल्या नव्हत्या त्या, गोठ होते." मग बराच वेळ काही बोलली नाही.

"त्या मुलींचं काय झालं गं? ज्या अर्ध्यावर शिकल्या होत्या?"

"कुठल्या?"

"सुइणी. एक वर्ष झालं असेल, दुसरं राहिलं असेल. अर्धंमुर्धं येत असेल ना त्यांना काहीतरी?"

मला माहीत नव्हतं. तिला म्हटलं, जेवायला चल, पान घेतलंय. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि सवयीने आधी आमट्या वाढायला लागली.